दिवस नसलेली माणसं

मावशी अटलांटाला माझ्याकडे राहायला आली होती तेव्हाची गोष्ट. आल्या आल्या तिला रात्री झोपच लागेना. मग ती बाहेरच्या खोलीतला छोटा दिवा लावून माझ्या कपाटातलं हाताला येईल ते पुस्तक घेऊन बसायची. जन्मभर मिरजेत शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे तिला कुठल्याच पुस्तकाचं वावडं नाही. एका सकाळी मी स्वयंपाकघरात आलो तर ती ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती आणि शेजारी जिम ग्रिम्सलीची ‘बुलेव्हार्ड’ उपडी पडलेली. अलाबामातल्या लहानशा गावातून १९७० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सला आलेल्या एका कोवळ्या, देखण्या गे पोराची ही कादंबरी. निम्म्याच्या पुढे वाचून झाली होती. आता त्यातल्या उघड्या वर्णनांबद्दल काहीतरी ऐकावं लागणार म्हणून मी मनाची तयारी केली. पण ती म्हणाली, “पोरगा गुणी आहे रे. पण सगळं रात्रीच कसं घडतं ह्यात? ह्या लोकांना दिवस नसतो का?”

आवाजात टोमणा नव्हता. मुलांच्या निबंधात एखादी जागा कोरी राहिलेली दिसली की ती ज्या सुरात विचारत असेल, त्याच सुरात तिने विचारलं. माझ्याबद्दल तिला ठाऊक आहे. त्यावर आमचं बोलणं फार वर्षांपूर्वी झालं, पुढे दोघांनीही तो विषय फारसा काढला नाही. त्या लोकांत ती मला धरत होती की नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी चहा घेतला, कामाला निघून गेलो, आणि दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी कपाटापुढे उभा राहिलो. खरंच की. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शहरांवर गे लेखकांनी लिहिलेलं जे जे माझ्याजवळ आहे, त्यात सूर्य जवळजवळ उगवतच नाही. माणसं दुपारी उशिरा उठतात, झडपांच्या फटींतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्या अंगावर घेत लोळत राहतात, अंधार पडला की अंघोळ करून धुवट शर्ट चढवतात, आणि मग कुठे गोष्ट सुरू होते. याचं एक कारण अगदी साधं आहे: उकाडा. न्यू ऑर्लिन्सच्या उन्हाळ्यात दुपार ही माणसाने बाहेर पडायची वेळच नव्हे. रात्री दहाला गार खोलीतून रस्त्यावर पाऊल टाकलं तरी चष्म्यावर वाफ धरते. शर्ट पाठीला चिकटतो. फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागात एका वासातून दुसऱ्या वासात शिरत चालावं लागतं: सांडलेल्या बिअरचा आंबूस वास, तळणीचा, नदीकडून येणारा चिखलाचा, आणि मध्येच कुठल्यातरी बंद अंगणातून आलेला फुलांचा गोड दर्प. लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्यांवर माणसं रेलून उभी असतात. प्लॅस्टिकच्या पेल्यात दारू घेऊन रस्त्याने चालायला तिथे मुभा आहे, आणि कित्येक बारना बंद व्हायची वेळच नाही. बर्बन स्ट्रीट आणि ड्यूमेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा ‘कॅफे लफीट इन एक्झाइल’ हा गे बार १९५३ पासून तिथे आहे; त्याच्या आधीच्या जागेतून बाहेर पडावं लागलं तेव्हा गिऱ्हाइकं उठून या कोपऱ्यावर आली. त्या शहराचं जगणंच मुळात रात्रीकडे झुकलेलं आहे.

पण उकाड्यावर सगळं ढकलता येत नाही.

‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ मी पहिल्यांदा पुण्यात कॉलेजात असताना वाचलं. त्याचा नाटककार टेनेसी विल्यम्स स्वतः गे; १९३८ च्या अखेरीस, सत्ताविसाव्या वर्षी, तो न्यू ऑर्लिन्सला आला आणि या शहराने त्याला उघडं केलं. १९४७ चं हे नाटक त्याच शहरात घडतं. आम्हाला ते ब्लांशचं नाटक म्हणून शिकवलं गेलं: एका ढासळत्या घराण्यातली बाई, तिची खोटी प्रतिष्ठा, तिचं वेड. तिच्या नवऱ्याचा, ॲलनचा भाग तासाला घाईने उरकला गेला. मी मात्र वसतिगृहाच्या खोलीत त्याच पानावर पुन्हा पुन्हा येत राहिलो. कोवळ्या वयात लग्न झालेली ब्लांश एका खोलीचं दार उघडते, आणि आत तिचा नवरा एका वयस्क पुरुषाबरोबर असतो. तिघंही काही घडलंच नाही असं दाखवत दारू पितात, तळ्याकाठच्या नाचघरात जातात. नाचता नाचता तिच्या तोंडून किळस बाहेर पडते. तो धावत बाहेर जातो आणि स्वतःला गोळी घालतो. पडदा उघडायच्या कितीतरी आधी मेलेला हा मुलगा रंगमंचावर एकदाही येत नाही. ब्लांशच्या कानात वाजणारी ती नाचाची धून तेवढी त्याच्या वाट्याला येते. १९५१ च्या चित्रपटात तर सेन्सॉरच्या धाकाने त्याचं गे असणंच काढून टाकलं गेलं. नाटक वाचलं तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांचा, आणि अख्ख्या अभ्यासक्रमात माझ्यासारखा हा एकच. तोही मेलेला.

मावशीच्या प्रश्नानंतर हे नाटक पुन्हा उघडलं तेव्हा दुसरीच गोष्ट दिसली. ब्लांश उजेड टाळते. उघड्या दिव्यावर कागदी कंदील चढवते, तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या मिचबरोबर फिरायला जाते तीही अंधार पडल्यावरच. तुला मी कधी उजेडात पाहिलंच नाही म्हणत तो शेवटी तो कंदील ओरबाडून काढतो. वय लपवण्यासाठी ती हे करते असं आम्ही परीक्षेत लिहिलं होतं, आणि ते चूक नाही. पण विल्यम्सला हे कुठून सुचलं असेल? दिवसाउजेडी कुणी आपल्याला नीट पाहिलं तर आपलं काय होईल, ही भीती त्याच्या ओळखीची होती. स्वतःचा अंधार त्याने ब्लांशला दिला, आणि त्यासाठी मी त्याचा कायमचा ऋणी आहे.

ती भीती काल्पनिक नव्हती. १९६२ मध्ये, मार्डी ग्रा या तिथल्या मुखवट्यांच्या उत्सवाच्या मोसमात, शहरालगतच्या मेटेरी भागात एका गे मंडळाच्या नाचावर पोलिसांनी धाड घातली. झगमगीत पोशाखातले पुरुष शेजारच्या झाडीत पळाले. जवळजवळ शंभर जण पकडले गेले आणि नावं वर्तमानपत्रात छापून आली. छापलेलं नाव म्हणजे गेलेली नोकरी, सोडावी लागलेली भाड्याची खोली, गावाकडून येणारी बंद झालेली पत्रं. मार्डी ग्राच्या दिवशी मात्र मुखवटा घालून, बायकी पोशाख करून तेच पुरुष भर रस्त्यात नाचू शकत. चेहरा झाकला तर दिवसा फिरायला परवानगी होती. याच मार्डी ग्रावर जॉन रेचीची ‘सिटी ऑफ नाइट’ संपत येते, १९६३ ची कादंबरी. तिचा नायक टेक्ससमधल्या एल पासोचा, नाव नसलेला, पैशासाठी पुरुषांबरोबर जाणारा; शहरामागून शहरं पालथी घालून तो न्यू ऑर्लिन्सला येऊन पोचतो. उत्सवाची रात्र ओसरते आणि तो फोन उचलून एकामागून एक चर्चना फोन लावत सुटतो. कुणीतरी पाद्री ऐकून घेईल म्हणून. माझ्या मते त्या सगळ्या साहित्यातलं हे सर्वात एकाकी पान आहे. कादंबरीतली गर्दी, गोंगाट, घामेजलेली अंगं, सगळं वाचून होतं आणि मनात उरतात ते एकामागून एक लावलेले फोन.

रेचीची कादंबरी आली त्यानंतर दहा वर्षांनी त्याच शहरात एका बारला आग लागली, आणि मेलेल्यांसाठी बऱ्याच चर्चची दारं खरोखरच बंद राहिली.

मी तिथे गेलोय. शार्टर्स आणि इबरव्हिल या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, जमिनीत बसवलेली एक ब्राँझची पाटी पाहिलीय. लोक तिच्यावरून पेले सांभाळत जात होते. मीही बऱ्याच जणांना वाट देत उभा होतो. वरच्या मजल्यावर ‘अपस्टेअर्स लाउंज’ नावाचा बार होता. रविवारी संध्याकाळी पाच ते सात एका डॉलरमध्ये हवी तेवढी बिअर, कोपऱ्यात पियानो, भोवती गाणारी माणसं, मागच्या खोलीत हौशी नाटकं. मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च या गे लोकांच्या चर्चची उपासनाही काही काळ तिथेच होत असे. २४ जून १९७३ च्या रविवारी, आठ वाजायला आले असताना, खालच्या दाराची घंटा वाजली. टॅक्सीवाला असेल म्हणून कुणीतरी दार उघडलं आणि जिन्यातली आग आत घुसली. बारमन बडी रासमुसेन याने वीसेक जणांना मागच्या दाराने, छपरावरून बाहेर काढलं. जॉर्ज ‘मिच’ मिचेल बाहेर पडला होता, पण आपला जोडीदार हॉरेस आत राहिला म्हणून परत गेला. दोघांचे देह एकत्र सापडले. पाद्री बिल लार्सन खिडकीच्या गजांत अडकले आणि त्यांचा देह तास न् तास तिथेच होता, रस्त्यावरून दिसेल असा. ३२ माणसं गेली. कुणावरही खटला उभा राहिला नाही. रेडिओवर त्यांच्यावर विनोद झाले. काही घरांनी देह ताब्यात घेतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या फेरिस लब्लाँ यांचं दफन बेवारशांच्या जागेत झालं आणि ते या आगीत गेले हे त्यांच्या घरच्यांना कळायला चाळीसहून जास्त वर्षं लागली. शहराच्या कौन्सिलने माफी मागितली ती २०२२ मध्ये.

त्या रविवारचं एक मला राहून राहून जाणवतं. ती माणसं तिथे चैन करायला जमली नव्हती. उपासना आटोपून, आठवड्याचे कपडे धुवून, एका डॉलरची बिअर प्यायला आली होती. घरच्या पडवीत चार माणसं बसतात तशी. ज्यांना गावाकडच्या घरात जेवणाच्या टेबलावर जागा नव्हती, त्यांचं टेबल हे होतं. ‘बुलेव्हार्ड’मधला नवेल रात्री भटकतो तेव्हा आपल्याला भोगाची चाहूल लागते, आणि ग्रिम्सली ती लपवतही नाही. पण त्या पोराला खरं सुख कुठे मिळतं? आपल्याला कुणीतरी नावाने ओळखलं, परत ये म्हटलं, यात. दक्षिणेतल्या या गोष्टींत जवळजवळ प्रत्येक जण कुठल्यातरी गावाहून बसने आलेला असतो. सोबत एक पिशवी, बोलण्यात गावचा हेल, डोक्यात रविवारच्या प्रवचनातला नरक. न्यूयॉर्कच्या गोष्टींतली माणसं शहराची होऊन जातात. दक्षिणेतली होत नाहीत. त्यांची आई दोनशे मैलांवर असते आणि प्रत्येक प्याल्यात डोकावते. म्हणून या रात्रींना एक दुखरी माया आहे, जी मला दुसऱ्या कुठल्या रात्रींच्या वर्णनात सापडत नाही.

एक तक्रारही आहे. ज्या शहरांचं संगीत, स्वयंपाक, चालण्याबोलण्याची ढब काळ्या माणसांनी घडवली, त्या शहरांवरच्या या पुस्तकांत काळी माणसं बहुधा कडेला उभी असतात. अपस्टेअर्स काळ्या गिऱ्हाइकांना आत घेणाऱ्या थोड्या बारपैकी एक होता, आणि त्या आगीत गेलेला रेजी ॲडम्स काळा होता. माझ्या रंगाचा माणूस दक्षिणेतल्या बारच्या दारात पोचला की दारवान ओळखपत्र जरा जास्त वेळ उलटसुलट करून पाहतो, हे मी अनुभवलं आहे. रात्र सगळ्यांना सारखी कधीच नव्हती.

आता मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. आगीनंतर एका रविवारी, १ जुलै १९७३ ला दुपारी, सेंट मार्क्स मेथडिस्ट चर्चमध्ये शोकसभा झाली. बाकीच्या बऱ्याच चर्चनी दारं लावून घेतली होती. सभा संपत आली तेव्हा बातमी आली की समोर टीव्हीचे कॅमेरे येऊन थांबलेत. ज्यांना चेहरा दाखवायचा नाही त्यांनी बाजूच्या दाराने जावं, असं सांगण्यात आलं. तिथे बसलेल्यांत नोकरदार होते, गावाकडे बायकामुलं असलेले होते, घरच्यांना काहीच माहीत नसलेले होते. हजर असलेले सांगतात की बाजूच्या दाराने कुणीही गेलं नाही. सगळे समोरच्या दाराने, न्यू ऑर्लिन्सच्या जुलैतल्या भर उन्हात बाहेर आले. हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून घरभर येरझारा घातल्या. दिवस त्यांनाही होता. त्यात पाय ठेवायची किंमत काय आहे हे त्यांना पैन् पै ठाऊक होतं, आणि त्या दुपारी त्यांनी ती मोजली.

पुढे कायदे बदलले. २००३ मध्ये टेक्ससच्याच एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कायदे मोडीत काढले, २०१५ मध्ये लग्नाचा हक्क आला, आपल्याकडे सहा सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ ची धार गेली. अटलांटाच्या मिडटाउनमध्ये शनिवारी सकाळी दोन पुरुष बाबागाडी ढकलत भाजी घ्यायला जाताना दिसतात आणि कुणी वळून पाहत नाही. चोवीस तास चालणारा पीचट्री स्ट्रीटवरचा ‘बॅकस्ट्रीट’ हा गे क्लब २००४ मध्ये बंद झाला. आता तिथे उंच इमारत आहे. टेन्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं ‘आउटराइट’ हे गे पुस्तकांचं दुकान २०१२ मध्ये गेलं. ओळखी फोनवर होतात, बार ओस पडतात. दिवस मिळाला याचा आनंद मला पोटातून आहे. आणि तरी बंद झालेल्या त्या दारांसमोरून जाताना पोटात कालवतं. जिथे म्हातारा पेन्शनर, बायकी पोशाखातली राणी, कॉलेजातून पळून आलेलं पोर आणि माझ्यासारखा उपरा एकाच फळीला टेकून उभे राहत, अशी दुसरी जागा दिवसाने अजून बांधलेली नाही.

शोकसभेची ती हकीकत मी मावशीला एका रात्री सांगितली. ती बराच वेळ चष्मा पुसत राहिली. मग तिने मला कधीच न सांगितलेली गोष्ट काढली. त्यांच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते. लग्न केलेलं नव्हतं. शनिवारी रात्री ते न चुकता मिरज स्टेशनवर जायचे. तिथला चहा चांगला असतो म्हणायचे. तेव्हा मिरज म्हणजे तीन मापांच्या रुळांचं जंक्शन: ब्रॉड गेज, मीटर गेज, आणि पंढरपूरकडे जाणारी छोटी गाडी. बंगळुराची, कोल्हापूरची, लातूरची माणसं रात्रभर फलाटावर वळकट्या टाकून पुढच्या गाडीची वाट पाहत. “एकदा तुझ्या काकांना आणायला आम्ही गेलो होतो, गाडीला उशीर होता,” मावशी म्हणाली. “सर बाकावर बसले होते, शेजारी एक गृहस्थ. दोघं एकाच बशीतून चहा पीत होते. मला पाहिल्यावर सर उठून उभे राहिले. इतके घाबरले, की मलाच कसंतरी झालं. मी ओळख दाखवली नाही. वाटलं, त्यांना बरं वाटेल.”

मराठीत आपल्या गोष्टी लिहिल्याच गेल्या नाहीत असं नाही. तेंडुलकरांनी १९८१ मध्येच ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आणली. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ ची; तिच्यात पुण्यातल्या एका घरातले भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. ती मी दर वेळी नव्याने वाचतो. पण पाहा, तिथे घर आहे. वरची खोली, नाश्ता, नातेवाईक, काय म्हणतील लोक. आमचं प्रेम घराच्या आत, घरच्यांच्या नाकासमोर लपतं. दक्षिणेतल्या अमेरिकन गोष्टीत रात्र आहे आणि घर नाही. आमच्या गोष्टीत घर इतकं आहे की रात्रीला जागाच उरत नाही. म्हणून फलाट, एसटी स्टँड, दुसऱ्या खेळानंतरचं थिएटर, विसर्जनाच्या मिरवणुकीची अख्खी रात्र, हे सगळं मराठीत अजून पुरेसं लिहायचं आहे. त्या जागा होत्या, माणसं तिथे भेटत होती, एका बशीतून चहा पीत होती.

मला ती मिरजेची कादंबरी वाचायची आहे. ज्याला कुणाला ती लिहायची असेल त्याला महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरजेला केव्हा यायची हे ठाऊक हवं, फलाटावरचा चहावाला कुणाकडे पाहून मुद्दाम दुसरीकडे बघायचा हेही. वाफेच्या इंजिनाची काजळी पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर कशी बसते आणि रविवारी ती घासून कोण काढतं, हे त्यात यायला हवं. शेजारचा गृहस्थ कुठून यायचा, त्याच्या घरी कोण होतं, तो यायचा थांबला असेल तर का थांबला, ते यायला हवं. आणि माझी एक अट आहे. त्या सरांनी ॲलनसारखं मरायचं नाही. त्यांनी सोमवारी शाळेत जाऊन पाचवीच्या वर्गाला रंगपेटी उघडायला सांगायची, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा स्टेशनवर जायचं.